खोका आला, तक्ता नाही आला

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुरियरवाला खोका घेऊन आला तेव्हा मी मशीनवरून, म्हणजे संगणकावरून, उठून स्वतः सही करायला गेलो, एरवी आमच्याकडची ऑपरेटर मुलगीच सही करते. अपडेटची मी सहा महिने वाट बघत होतो. मराठी डीटीपीचं, म्हणजे छपाईआधी मजकूर टाइप करून पानं मांडायचं सॉफ्टवेअर, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये, आणि ज्यांच्याकडे हे सॉफ्टवेअर आहे त्यांना नाव न लिहिताही कळेल. 8,900 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,502. आमच्यासारख्या दोन मशीनच्या दुकानाला ही रक्कम एकदम काढणं सोपं नसतं, लग्नसराईतून बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

खोका मोठा होता, साधारण दोन जाड डिक्शनऱ्या मावतील एवढा. वर चकचकीत छपाई, देवनागरीतला मोठा 'अ', त्यावर सोनेरी पट्टी. मी कटरने टेप कापली, आत एअरबबलचा कागद, तो काढला, मग पांढऱ्या पुठ्ठ्याची एक घडी, ती उघडली आणि तिच्या मधोमध व्हिजिटिंग कार्डाएवढं एक कार्ड चिकटवलेलं. कार्डावर वेबसाइटचा पत्ता आणि 20 अक्षरांची सिरियल की. बस. मी खोका उलटा करून बघितला, पुठ्ठ्याच्या खाली बघितलं, बबलच्या कागदात बघितलं. मुलगी म्हणाली, काका, एवढंच आहे वाटतं. मला त्या क्षणी राग नाही आला, वाईट वाटलं. पैसे गेल्याचं नाही, काहीतरी राहून गेल्याचं.

आता कोणी म्हणेल की सॉफ्टवेअर तर डाउनलोड करायचंय, खोक्यात काय असणार. म्हणूनच सांगतो आधी काय असायचं ते.

1998 साली मी पहिल्यांदा ह्याच कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आलेला खोका अजून माझ्या माळ्यावर आहे. त्यात थर्माकोलच्या खाचेत लॉक बसवलेलं होतं, म्हणजे डोंगल, जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, पण आमच्या धंद्यात सगळे लॉकच म्हणतात. ते 25 पिनांचं, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि मग त्याच्या पाठीमागे प्रिंटरची वायर जोडायची. फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर छापील लेबल. (तेव्हा फ्लॉप्यांचं कोणाला काही वाटायचं नाही, विंडोज 95 चासुद्धा फ्लॉपीवाला सेट 13 फ्लॉप्यांचा होता.) मॅन्युअल होतं मराठीत लिहिलेलं, दीडेकशे पानांचं. कीबोर्डच्या बटणांवर लावायची स्टिकर्स होती. आणि तक्ता होता. हा तक्ता काय प्रकार आहे हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल.

जुने मराठी फाँट होते त्यात सगळी मिळून 256 घरं, त्यातली सुरुवातीची 32 वापरायची नाहीत, बाकीच्यातही काही संगणक स्वतःकडे ठेवतो. तेवढ्या जागेत आपली मुळाक्षरं, अर्धी अक्षरं, काने मात्रे वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं कोंबायचं. कंपन्यांनी ते आपापल्या परीने कोंबलं, प्रत्येकीने वेगळं, म्हणूनच एका कंपनीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या कंपनीचा फाँट लावला की वाचता येत नाही. आणि जी अक्षरं कीबोर्डच्या बटणांवर बसली नाहीत ती ऑल्ट दाबून धरून शून्य आणि पुढे तीन आकडे असं मारून आणायची. द्ध, द्व, ह्न, ङ्क, ह्य, काही फाँटमध्ये श्री. हे आकडे कोणाच्या डोक्यात आपोआप येत नाहीत. ते तक्त्यावर असतात. तक्ता मशीनच्या वर भिंतीला लावायचा, टाइप करता करता मान वर करायची, आकडा बघायचा, मारायचा. चारपाच महिन्यांत मान वर करायची गरज राहत नाही. माझ्याकडे आतापर्यंत 11 जणं शिकून गेली, आठ मुली तीन मुलगे, सगळी त्या एका तक्त्यावर शिकली. त्याचा खालचा उजवा कोपरा बोट लावून लावून काळा झालाय, कारण तिथे रफार आणि ऱ्या आहे आणि तेच सगळ्यांचं चुकतं.

म्हणजे मॅन्युअल आणि तक्ता ही शोभेची गोष्ट नाही, ते आमचं हत्यार आहे. सुताराला रंधा विकलात आणि पातं दिलं नाही तर तो काय करणार?

माझे वडील मिरजेत एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. ते सांगायचे, फाउंड्रीतून नवा टाइप यायचा तो कागदाच्या पुडक्यांमध्ये, वर लिहिलेलं असायचं किती पॉइंट, म्हणजे अक्षर केवढं, आणि कोणतं अक्षर. पुडकं फोडून आधी मोजणी व्हायची, मग केसमध्ये आपापल्या घरात खिळे टाकायचे. एखादं अक्षर कमी निघालं तर तिथल्या तिथे पत्र जायचं. वडिलांना दिवसभर उभं राहून काम करावं लागायचं, पायाच्या शिरा सुजायच्या, पण नवीन टाइप आलेला दिवस त्यांच्यासाठी सणासारखा असायचा, घरी येऊन आईला सांगायचे आज नवा सोळा पॉइंट आला म्हणून. मला वाटतं मी त्या खोक्याची वाट बघत होतो त्यात थोडं हेच होतं.

असो. तर कार्डावरचा पत्ता टाकून डाउनलोडला लावलं. दीड जीबीच्या आसपासची फाइल, आमच्याकडे संध्याकाळी नेट रडतं, रात्री साडेअकराला पूर्ण झाली. पुढची अडचण अशी की ज्या मशीनवर आम्ही काम करतो त्याला नेट जोडलेलंच नाही. मुद्दाम नाही जोडलेलं. तिथे 27 वर्षांच्या फाइली आहेत, एकदा व्हायरस येऊन एक आख्खा पत्रिकांचा फोल्डर गेला होता तेव्हापासून कानाला खडा. आणि नवीन अपडेट नेटशिवाय अॅक्टिव्हेट होत नाही. हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. शेवटी मोबाइलचं नेट दहा मिनिटं जोडून अॅक्टिव्हेट केलं, जीव मुठीत धरून.

आणि मग झाला खरा घोळ.

त्या आठवड्यात माझ्याकडे एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल होता, 64 पानं, सोळापानी चार फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं असे चार कागद. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात आणि सभासदांना 14 दिवस आधी नोटीस जावी लागते, त्यामुळे ऑगस्ट सप्टेंबरमध्ये सांगली-मिरजेतल्या प्रत्येक डीटीपीवाल्याकडे अहवालांची थप्पी असते, कुणाला मान वर करायला फुरसत नसते. हा अहवाल पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होता. अडोबीने पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7 ही 2001 ला काढली, 2004 ला पुढचं काम थांबवलं, तरी आमच्याकडे अजून चालतो कारण जुन्या फाइली त्यात आहेत आणि दरवर्षी त्याच फाइलीत आकडे बदलून नवा अहवाल होतो. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही, त्यामुळे जुने फाँट लागतातच.

नवीन सेटअपने मला काहीही न विचारता जुने फाँट काढून त्याच नावाचे नवीन फाँट टाकले. नाव तेच, पण आतली चारदोन अक्षरं घरं बदलून बसलेली. त्यातलं एक म्हणजे ऱ्या मधला तो अर्धा आडवा र. मी फाइल उघडली, पान बघितलं, वरवर सगळं ठीक, चार फॉर्मचे प्रूफ काढले आणि संस्थेत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मॅनेजर मॅडमचा फोन. "दादा, अहो शेतकऱ्यांचं काय केलंय हे?" मी कागद मागवला. तांबड्या पेनाने गोल गोल. शेतक यांना. कर्मचा यांचे. अधिका यांच्या. व्यापा यांकडील येणे. जिथे जिथे ऱ्या होता तिथे मधे एक रिकामी जागा, जणू दात पडलाय. मी मोजले, 64 पानांत 213 ठिकाणी. पतसंस्थेच्या अहवालात दुसरं असतं काय, शेतकरी, कर्मचारी, अधिकारी, सगळे ऱ्या वाले.

मराठीत हा अर्धा र म्हणजे नुसतं वळण नाही हो. आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना बिदागी देतात. एका र च्या वळणावर माणूस बदलतो. हिंदीत ही भानगड नाही, आपल्याकडे आहे, म्हणून मराठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने तरी ती जिवापाड जपावी अशी माझी अपेक्षा आहे. युनिकोडमध्ये सुद्धा नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याची सोय झालेली आहे, मोबाइलवर पोरंसोरं बरोबर टाइप करतात.

जुना तक्ता भिंतीवर होता, पण आता त्यावरचे आकडे मारले की भलतंच अक्षर यायचं. नवा तक्ता नाही. मॅन्युअल नाही. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. चौथ्या वेळी लागला. बोलणारी मुलगी चांगली होती, हे सांगितलंच पाहिजे, तिने शांतपणे ऐकून घेतलं, पण तिला मुळात ऑल्टचा आकडा काय असतो हेच माहीत नव्हतं, ती मला सारखं म्हणत होती सर तुम्ही ऑनलाइन हेल्प बघा. ऑनलाइन हेल्प इंग्रजीत. मी तिला म्हटलं, ताई, मी मराठी सॉफ्टवेअर घेतलंय. ती म्हणाली, हो सर, मी वरती कळवते. जुने फाँट परत कुठे मिळतील विचारलं तर म्हणाली ते आता सपोर्टेड नाहीत.

जुने फाँट मला माझ्याच माळ्यावर सापडले. सीडीवर. मधल्या काळात घेतलेल्या अपडेटच्या खोक्यातली सीडी, कागदी पाकिटात, पाकिटावर माझ्या हातची तारीख. एका जुन्या मशीनला सीडीचा ड्राइव्ह शिल्लक होता म्हणून निभावलं. रात्री एकपर्यंत बसून नवीन फाँट काढले, जुने टाकले, अहवाल परत प्रूफला पाठवला. छपाईच्या प्लेटला गेला एक दिवस उशिरा, पण नोटिशीच्या तारखेच्या आत गेला. छापून आला असता तर? हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. हजारभर सभासदांच्या घरी शेतक यांना असं छापलेलं गेलं असतं आणि खाली मुद्रणस्थळ म्हणून माझं नाव.

नंतर मी तो खोका परत नीट बघितला. बाहेर काय काय छापलंय ते. वर मोठ्या अक्षरात युनिकोड. खाली बारीक अक्षरात, इतकं बारीक की मी लूप, म्हणजे छपाईतलं भिंग, लावून वाचलं, युनिकोड फाँटचा संच वेगळा उपलब्ध. म्हणजे पैसे वेगळे. ज्या शब्दासाठी मी हे अपडेट घेतलं तो शब्द खोक्यावर होता, खोक्यात नव्हता. कायद्याने पॅकबंद वस्तूवर जे छापावं लागतं, एमआरपी, ग्राहकाने कुठे संपर्क करायचा, महिना वर्ष, ते सगळं बरोबर होतं. नेट क्वांटिटी 1 एन. एक नग. पण नग म्हणजे काय, कार्ड का? हे मी तक्रार म्हणून विचारत नाही, मला खरंच कळत नाही की ह्या एक नगात काय काय धरायचं आणि काय काय नाही, आणि विकत घेण्याआधी हे ग्राहकाला कुठे कळणार. शेजारचे वकील म्हणाले 1915 ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. मी नाही केला. पैसे परत नको होते मला, वस्तू पूर्ण हवी होती.

जग डाउनलोडवर गेलंय हे मला मान्य आहे. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत काम करणारा माझा मित्र मॅकवर असतो, त्याने सांगितलं होतं की 2011 ला अॅपलने लायन ही मॅकची नवी सिस्टिम काढली तेव्हा डीव्हीडी बंद करून डाउनलोडच ठेवलं, 29.99 डॉलरला, पण ज्यांचं नेट बरं नाही त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात पेनड्राइव्हवरही दिलं, 69 डॉलरला. महाग दिलं पण दिलं, आणि किंमत आधी सांगून दिलं. अडोबीने 2013 च्या मे मध्ये सांगूनच टाकलं की क्रिएटिव्ह सूट ह्या त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअर संचाची नवी आवृत्ती येणार नाही, पुढचं सगळं वर्गणीवर. ते मला आवडलं नाही, आमच्यासारख्यांना परवडत नाही, पण निदान काय मिळणार काय नाही हे स्पष्ट होतं, मोठा खोका देऊन आत कार्ड असं नव्हतं. एक पाकीट पोस्टाने आलं असतं, त्यात कार्ड आणि घडी घातलेला तक्ता, तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. खोक्याच्या छपाईला, सोनेरी पट्टीला जो खर्च आला असेल त्यात ए3 चा एक कागद दोन्ही बाजूंनी छापून झाला असता. मी छपाईतला माणूस आहे, मला ते दर माहीत आहेत.

सॉफ्टवेअर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. उलट काम सुंदर झालंय. नवीन फाँटमधला ल आणि श आपल्या वळणाचा आहे, हिंदी वळणाचा नाही, 2009 च्या शासन निर्णयात वर्णमाला जशी ठरवून दिली तसा. उकारांची जागा सुधारलीय, ट्र आणि ड्र आता ओळीत नीट बसतात, आधी खालच्या ओळीला टेकायचे. शुद्धलेखन तपासनीस पहिल्यापेक्षा खूप शब्द ओळखतो. ज्यांनी हे केलं त्यांनी जीव ओतून केलंय हे पानावर दिसतं. म्हणूनच जास्त लागलं. कुणीतरी वर्षभर बसून तो ल घोटला असेल आणि कुणीतरी शेवटी दोन मिनिटांत ठरवलं असेल की तक्ता नको, जुने फाँट वेगळ्या फोल्डरला ठेवायला नकोत, विचारायची खिडकी नको.

सेटअपने नुसतं विचारलं असतं ना, जुने फाँट ठेवू का, हो किंवा नाही. एक ओळ.

सप्टेंबर संपल्यावर, अहवालांची गर्दी ओसरल्यावर, कंपनीकडून ईमेलवर एक पीडीएफ आली. त्या फोनवरच्या मुलीने खरंच वरती कळवलं होतं, तिचे आभार. तक्ताच होता, पण अर्धवट, आणि त्यातले काही आकडे जुन्याच फाँटचे. मग एका रविवारी मी आणि आमची ऑपरेटर मुलगी दोघं बसलो. ती 0128 पासून सुरू करून एकेक आकडा मारायची, अक्षर पडद्यावर यायचं, ती मोठ्याने म्हणायची "ह ला न", "द ला ध", "काका, हे काय आहे बघा", आणि मी वहीत लिहायचो. 0255 पर्यंत गेलो. काही घरं रिकामी होती, दोन ठिकाणी एकच अक्षर दोनदा होतं. 0200 च्या पुढे कुठेतरी तो अर्धा र सापडला तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. साडेचार तास लागले.

मग तो तक्ता मी मांडला, ऱ्या मोठा घेतला, तांबड्या चौकटीत, खालच्या उजव्या कोपऱ्यातच, कारण बोट तिथेच जायची सवय आहे. ए3 वर काढला, लॅमिनेट केला, 12 प्रती केल्या. मिरज, तासगाव, जत, विटा इथल्या ओळखीच्या दुकानांना दिल्या, ज्यांनी ज्यांनी हे अपडेट घेतलं होतं त्यांना, आणि प्रत्येकाने हेच सांगितलं की आमचंही ऱ्या गेलं होतं. तासगावच्या वहिनींनी तर लग्नाच्या 400 पत्रिका परत छापून दिल्या होत्या, स्वतःच्या खर्चाने, व्याहीमंडळींच्या यादीत चौधऱ्यांचं आडनाव तुटलं म्हणून.

एक प्रत कंपनीला पाठवली, त्याच खोक्यात घालून. सोबत पत्र लिहिलं हाताने, मराठीत, की हा तक्ता तपासून घ्या, चूक असेल तर कळवा, बरोबर असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या खोक्यात टाका, माझं नाव नको, पैसे नकोत. कुरियरची पावती नव्या तक्त्याच्या मागे चिकटवून ठेवलीय. जुना तक्ता पण काढलेला नाही, शेजारीच आहे, कारण जुन्या मशीनवर जुने फाँट अजून आहेत आणि पुढच्या ऑगस्टला तो अहवाल परत येणार आहे.